मैल्याची टाकी, मासळीचे तळे आणि मालकीचा प्रश्न

तालुक्याच्या एका गावी गेल्या पावसाळ्यात बुद्धविहारात रविवारची वंदना झाली आणि लोक नेहमीप्रमाणे आपापली प्रकरणे घेऊन माझ्याभोवती बसले. कुणाचा जातपडताळणीचा दाखला अडला होता, कुणाच्या गायरानाचे अतिक्रमण. अशा गर्दीत बचत गटाच्या एका ताई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, आमचं काम कोर्टाचं नाही. वस्तीमागं नगरपरिषदेचं मैला साफ करायचं केंद्र आहे ना, बारा-तेरा वर्षं झाली बंद पडून. टाक्यांत पावसाचं पाणी भरतं. पोरं गळ टाकून मासे धरतात. पोरांना मिळतात तर आम्ही गटानं तिथं बीज का सोडू नये? जागा आम्हाला मिळंल का?"

मी उत्तर देण्याआधीच भिंतीला टेकून बसलेले एक बाबा बोलले. नगरपरिषदेत सफाई कामगार म्हणून त्यांचे सारे आयुष्य गेले. "चौतीस वर्षं मी गटारात उतरलो. पोराला शाळेत घातलं ते त्यानं तिकडं फिरकू नये म्हणून. आणि आता तुम्ही आमच्या सुनांना त्याच टाकीवर नेऊन बसवता? बाबासाहेबांनी काय सांगितलं होतं आम्हाला?"

विहार एकदम शांत झाला. मी वीस वर्षे वकिली करतो, न्यायाधीशांच्या उलट प्रश्नांना सरावलेला आहे, पण त्या दिवशी मला चटकन उत्तर देता आले नाही. कारण दोघांचेही खरे होते. हा लेख त्या न दिलेल्या उत्तरासाठी आहे.

आधी बंद पडलेल्या केंद्रांचे. आपल्या वस्तीमागचे केंद्र हे काही एकटे-दुकटे प्रकरण नव्हे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये देशातल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची मोजदाद प्रसिद्ध केली. शहरी भारतात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि प्रत्यक्षात त्यापैकी २०,२३६ दशलक्ष लिटरवर प्रक्रिया होते, असा तिचा हिशेब आहे. बाकीचे नदीत, नाल्यात, आणि खालच्या अंगाला ज्यांची वस्ती आहे त्यांच्या दारात. त्या मोजदादीत एकूण १,६३१ केंद्रे आहेत. १,०९३ चालू, २७४ बांधकामात, १६२ कागदावर आणि १०२ बंद. महाराष्ट्राच्या नावावर रोजचे ९,१०७ दशलक्ष लिटर सांडपाणी आहे, म्हणजे देशात सर्वांत जास्त. ही १०२ केंद्रे बंद का पडतात? हवा फुंकणाऱ्या यंत्रांचे वीजबिल नगरपरिषदेला पेलत नाही, ठेकेदाराची देखभालीची मुदत संपते, पंप जळतो, तो दुरुस्त करायची निविदा निघत नाही. बांधताना उद्घाटनाची कोनशिला बसते. बंद पडताना कोणी येत नाही. आणि ही केंद्रे बांधायला जागा कुठली निवडतात ते सांगायची गरज नाही. गावाच्या खालच्या अंगाला, जिथे वास आला तरी तक्रार करायला नगराध्यक्षाचे घर नसते तिथे.

आता अशा टाक्यांत मासळी हा प्रकार वेडेपणाचा आहे का? तसे नाही. याचे उत्तर शोधायला जर्मनीत किंवा अमेरिकेत जायचे कारण नाही, जरी म्युनिक शहराने १९२९ पासून कित्येक दशके आपले सांडपाणी तळ्यांत सोडून त्यावर कार्प मासे वाढवले ही गोष्ट नोंदलेली आहे. आपल्याच देशात कोलकात्याच्या पूर्वेला हे काम शंभर वर्षांच्या आसपास चालू आहे. वकिलांच्या एका परिषदेच्या निमित्ताने मी तिकडे गेलो होतो. परिषदेत काय झाले ते आता आठवत नाही. तळ्यांवर घालवलेले दोन दिवस मात्र चांगले ध्यानात आहेत.

या तळ्यांचा इतिहास थोडक्यात असा. कोलकात्याची जमीन हुगळी नदीकडून पूर्वेकडे उतरत जाते. इंग्रजांनी शहराची गटारे बांधली ती या उताराने, पूर्वेच्या खाऱ्या दलदलीकडे. तिथली विद्याधरी नदी गाळाने भरत गेली आणि १९२८ मध्ये ती मेली असे सरकारनेच जाहीर केले. समुद्राचे खारे पाणी यायचे बंद झाले, तशी खाऱ्या पाण्यातली मासेमारीही संपली. मग १९३० च्या सुमारास तळेवाल्यांनी आणि कोळ्यांनी शहराच्या गटाराचे पाणी मापाने तळ्यात घेऊन त्यात गोड्या पाण्याचे मासे वाढवून पाहिले. जमले. तिथल्या भाषेत या तळ्यांना भेरी म्हणतात. आज सुमारे १२,५०० हेक्टरच्या पट्ट्यात अडीचशेच्या आसपास भेऱ्या आहेत. बाकी भातशेती आहे आणि धापाच्या कचऱ्याच्या जमिनीवर पिकणारा भाजीपाला. २००२ मध्ये हा पट्टा रामसर कराराखाली जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नोंदला गेला.

कोलकात्याच्या जुन्या शहराने आपल्या मैल्यासाठी मोठमोठी केंद्रे बांधली नाहीत, कारण ही तळी ते काम करत होती. गंमत अशी की बानतळा येथे १९४० च्या दशकात गाळ खाली बसवण्याच्या पक्क्या टाक्या बांधल्या होत्या. त्या टाक्या कामातून गेल्या. तळी मात्र चालूच राहिली.

ही तळी काम कशी करतात हे मला एका भेरीवरच्या माणसाने समजावले आणि नंतर पुस्तकांतून ताडून पाहिले तर त्याने काही चुकीचे सांगितले नव्हते. हिवाळ्यात तळे रिकामे करतात, तळाचा चिखल उन्हात तापू देतात, मग त्यात गटाराचे पाणी घेऊन दोन-तीन आठवडे नुसते ठेवतात. तळे उथळ, कमरेइतके किंवा छातीइतके, म्हणजे ऊन तळापर्यंत पोहोचते. पाण्यातले जिवाणू मैल्याचे विघटन करतात. त्यातून सुटलेल्या खतावर शेवाळ वाढते. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडते आणि तो जिवाणूंना मिळतो. पण शेवाळ बेसुमार वाढले तर रात्री तेच सारा प्राणवायू खाऊन टाकते आणि तळे सडते. इथे मासा कामाला येतो. रोहू, कटला, मृगळ, चंदेरी, तिलापिया हे मासे पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती आणि जीव खातात आणि तळे ताळ्यावर राहते. पहिले पाणी निवळले की बोटुकली सोडतात, आणि मग ठराविक दिवसांनी थोडे थोडे गटाराचे पाणी घालत जातात. काठावर जलपर्णीची पट्टी बांबूने अडवून ठेवलेली असते. ती लाटांनी बांध खचू देत नाही आणि पाण्यातले जड धातू मुळांत धरते. आपल्याकडे हीच जलपर्णी काढायला दर वर्षी ठेका निघतो.

म्हणजे आपल्या केंद्रात जे काम विजेची यंत्रे करतात ते तिथे ऊन करते. वीजबिल नाही. उलट मासळी निघते.

शहरातल्या बाबूंना हे सारे माहीतच नव्हते. ध्रुवज्योती घोष नावाच्या सरकारी अभियंत्याला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, शहराचा मैला नेमका जातो कुठे हे शोधायचे काम मिळाले आणि तो गटाराच्या पाण्याबरोबर चालत चालत या भेऱ्यांपाशी पोहोचला. मुख्यमंत्री ज्योती बसूंना त्यांनी तळ्यावर नेले आणि त्यांच्यासमोर तळ्याचे पाणी पेल्यात घेऊन पिऊन दाखवले, असे सांगतात. पुढे गंगा शुद्धीकरणाच्या योजनेत टिटागड, पाणिहाटी, बाली अशा गावांमध्ये त्यांनी याच धर्तीची तळी करवली. घोष २०१८ मध्ये वारले. एक गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही: हे शास्त्र विद्यापीठातून आलेले नाही, ते तळ्यावरच्या अडाणी समजल्या गेलेल्या माणसांनी उभे केले आहे.

आता ही माणसे कोण? आपल्या वाचकाचा पहिला प्रश्न हाच असणार आणि तो असायलाच हवा. तळ्यांवर, बांधांवर, जाळी ओढणारे बहुसंख्य लोक अनुसूचित जातींचे आहेत. पौंड्र, नमशूद्र, बागदी. हे नमशूद्र आपल्याला परके नाहीत. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना संविधान सभेत जाऊ न देण्याचा चंग काँग्रेसने बांधला होता, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधून त्यांना निवडून पाठवले. त्या माणसांच्या मुलांच्या-नातवंडांच्या हातांत आज ही जाळी आहेत. आणि तळी कुणाच्या मालकीची? बहुतांश खासगी, काही थोडी सहकारी संस्थांची, नालबनसारखी एखाद-दुसरी सरकारी महामंडळाची. पहाटे अंधारात गळ्याइतक्या पाण्यात जाळे ओढणारा मजुरीवर असतो आणि बामणघाटा, चौभागाच्या बाजारात बोली लागते तेव्हा पैसे दुसरीकडे जातात. ॲल्युमिनियमच्या हंडीत जिवंत मासे घेऊन जाणारी माणसे मी पाहिली. प्राणवायू मिळावा म्हणून ते वाटभर हाताने पाणी थापटत असतात. त्या थापटणाऱ्या हाताचा बाजारभावात वाटा किती, हे मी तिथल्या एकाला विचारले. तो हसला.

याला उलटे उदाहरणही तिथेच आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, गार्डन रीचच्या भागात मुदियाली मच्छीमार सहकारी संस्था आहे. पोर्ट ट्रस्टची पडीक दलदल, कारखान्यांचे आणि वस्त्यांचे मिसळलेले घाण पाणी जिथे सोडले जायचे, ती जागा कोळ्यांच्या संस्थेने चालवायला घेतली. पाणी आधी चुना घालून, मग जलपर्णीच्या चरांतून फिरवत एकामागून एक तळ्यांत न्यायचे आणि शेवटी मणिखालीतून हुगळीला सोडायचे, अशी रचना त्यांनी बसवली. काठावर झाडे लावली. शहरातले लोक तिथे फिरायला तिकीट काढून येऊ लागले. ज्या जागेकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते ती जागा शोभिवंत झाल्याबरोबर तिच्यावरच्या हक्काचा झगडाही संस्थेच्या वाट्याला आला. पडीक असते तोवर जमीन आपली असते. तिच्यातून रुपया निघाला की तिचे मालक जागे होतात. हा अनुभव आपल्या गायरानधारकांना नवा नाही.

म्हणून मी कायद्याकडे येतो, कारण तो माझा धंदा आहे.

कोलकात्याची पूर्वेकडची तळी बुजवून इमारती बांधण्याचा मोह राज्यकर्त्यांना नेहमीच होता. १९६० च्या दशकात हुगळीचा गाळ उपसून तळी भरली आणि सॉल्ट लेक हे सुशिक्षितांचे नवे नगर उभे राहिले. ते कसे वसले हे अभिमानाने सांगतात. तळ्यांवर जगणाऱ्या लोकांचे काय झाले हे सांगत नाहीत. पुढे जागतिक व्यापार केंद्राची टूम निघाली, तेव्हा एका नागरी संस्थेने कलकत्ता उच्च न्यायालयात धाव घेतली. न्या. उमेशचंद्र बॅनर्जी यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये निकाल दिला आणि पाणथळ जागेचा वापर बदलायला मनाई केली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हा निकाल जरूर वाचावा. १९९३ च्या ए.आय.आर. मध्ये कलकत्ता विभागात पान २१५ वर तो आहे. २००६ मध्ये राज्याने या तळ्यांसाठी स्वतंत्र कायदाही केला. तरी अतिक्रमण थांबले नाही, हेही खरे. पण माझा मुद्दा वेगळा आहे. या निकालाने तळी वाचवली, जाळे ओढणाऱ्याला मालक केले नाही. पर्यावरणवाद्यांची लढाई तळ्यापाशी संपते. आपली तिथून सुरू व्हायला हवी.

आणि बाबांचा प्रश्न? तो मी विसरलेलो नाही. त्याच बानतळ्याला चामड्याच्या कारखान्यांची मोठी वसाहत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशाने शहरातले चर्मोद्योग तिथे हलवले गेले. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबई, कोलकाता यांसह सहा महानगरांत माणसाला गटारात उतरवण्यावर बंदी घातली. त्यानंतर चारच दिवसांनी, २ फेब्रुवारीला, या वसाहतीत मॅनहोलमध्ये उतरलेले तीन मजूर मेले. जगाने वाखाणलेल्या तळ्यांच्या शेजारी हे घडले. मैल्यातून मासा काढणारे शास्त्र ज्या शहराला सापडले, त्याच शहराला मैल्यातून माणूस बाहेर काढणे जमले नाही.

तेव्हा बाबांचा आक्षेप भावनेचा आहे असे म्हणून मी तो झटकून टाकणार नाही. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या आपल्या माणसांना बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याची कामे सोडा म्हणून सांगितले होते, आणि ती सोडताना आपल्या बापजाद्यांनी उपाशी राहण्याची किंमत मोजली. आज आपणच लोकांना मैल्याच्या जागेवर घेऊन जात असू तर ते कशासाठी, हे स्पष्ट पाहिजे.

माझ्या मते भेद इथे आहे. घाण काम म्हणजे ज्यात काम आपले, लाभ दुसऱ्याचा आणि नकार द्यायची मुभा नाही. बाबासाहेबांनी ती सक्ती तोडायला सांगितली. पाण्याकडे पाठ फिरवायला त्यांनी कधीच सांगितले नाही. उलट १९४२ ते १९४६ या काळात व्हॉईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना पाणी हाच त्यांच्या कामाचा मोठा विषय होता. जानेवारी १९४५ मध्ये याच कोलकात्यात दामोदर खोऱ्याच्या परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कटकच्या परिषदेत, जास्तीचे पाणी हे संकट नव्हे, ते साठवून अनेक कामांना लावायचे धन आहे, या आशयाची मांडणी त्यांनी केली. आपण बाबासाहेबांच्या जयंत्या करतो, पण पाण्याचे बाबासाहेब आपल्या भाषणांत फारसे येत नाहीत. हे मी स्वतःलाही धरून म्हणतो.

आणि सांडपाणी हे आता धन आहेच. नागपुरात भांडेवाडीच्या केंद्रातले शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. घाणीला भाव आला. भाव नव्हता तोवर ती आपल्या डोक्यावर होती. भाव आल्यावर करार कंपन्यांत आणि महामंडळांत होतात. सफाई कामगाराच्या मुलाला त्या टेबलावर खुर्ची नाही. बंद पडलेल्या केंद्राच्या टाक्या तर अजून कुणाच्या लक्षातही आलेल्या नाहीत. उद्या येतील. तेव्हा आपण झोपलेले नसावे.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. टाक्यांत मासे होतील का? होतील, पण भेरीसारखे नव्हे, आणि उद्याच नव्हे. गैरसमज नको. गाळ बसवायच्या गोल टाक्या तीन-चार मीटर खोल असतात. तळाशी ऊन जात नाही. तिथे भेरीचे शास्त्र लागू पडत नाही. त्या टाक्या स्वच्छ पाणी भरून बोटुकली वाढवायला ठीक. त्यातही नव्या-जुन्या काँक्रीटचा चुना पाण्यात उतरतो, तो धुऊन काढावा लागतो. खरी कामाची जागा म्हणजे जुन्या केंद्रांतली उघडी ऑक्सिडेशन तळी, आणि गाळ वाळवायचे उथळ वाफे, ज्यांत डकवीड किंवा अझोला वाढवून माशांना खाऊ घालता येईल. सांडपाणी वापरायचे तर ते शुद्ध केलेलेच. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८९ च्या शिफारशीप्रमाणे तळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतले जिवाणू १,००० च्या वर नकोत. ही तपासणी दर महिन्याला व्हावी आणि तिचा कागद विहाराच्या फळ्यावर लागावा. नसेल जमत तर पावसाचे आणि बोअरचे पाणी. आपल्या मासळीला कुणी 'गटाराची मासळी' म्हणून नाक मुरडले तर धंदा बसेल, आणि त्या नाक मुरडण्यात जात असेल हे तुम्ही-मी जाणतो.

सर्वांत धोक्याचा आहे तो जुना गाळ. गावात छोटे कारखाने, मुलामा देण्याची दुकाने, बॅटऱ्यांची भंगारवाली असतील तर त्या गाळात शिसे, क्रोमियम, कॅडमियम असू शकते. ते माशात उतरते आणि माशातून लेकराच्या पोटात. म्हणून आधी गाळाची प्रयोगशाळेतून तपासणी, मग बाकीची स्वप्ने. आणि बंदिस्त खोल्या, पंपाच्या विहिरी, गाळ कुजवायच्या टाक्या यांत वर्षानुवर्षांचा विषारी वायू असतो. तो क्षणात मारतो. २०१३ च्या कायद्याचे कलम ७ गटार आणि सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईला मनाई करते. कलम ९ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. गटारातल्या मृत्यूची भरपाई २०१४ च्या सफाई कर्मचारी आंदोलनाच्या निकालात १० लाख ठरली होती, ती बलराम सिंग प्रकरणात ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख झाली. रक्कम वाढली. आपल्याला ती कधीच घ्यावी लागू नये. गाळ यंत्राने निघेल, नगरपरिषदेच्या खर्चाने निघेल. 'तुम्हाला जागा हवी ना, मग तुम्हीच साफ करून घ्या' असे साहेब म्हणतील. त्या वाक्याला बळी पडू नका. ते वाक्य मी प्रत्यक्ष ऐकले आहे.

कारण ताईंच्या गटाला घेऊन मी त्या नगरपरिषदेत गेलो होतो. जागेचा उतारा मागितला तर तीन खिडक्या फिरवले. केंद्राची जमीन पाणीपुरवठा विभागाची की नगरपरिषदेची हेच तिथे कुणाला माहीत नव्हते. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. कार्यकर्त्यांनी ही सुरुवात अशीच करावी: जमीन कुणाच्या नावे, बांधकामाला कोणत्या योजनेचा पैसा आला, केंद्र कधी आणि कोणत्या आदेशाने बंद झाले, यंत्रे कुठे गेली. नगरपरिषदेची मालमत्ता भाड्याने किंवा पट्ट्याने देण्याचा मार्ग १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात कलम ९२ मध्ये आहे. महानगरपालिका असेल तर १९४९ च्या अधिनियमाचे कलम ७९. ठराव लागतो, आणि ठरावाला नगरसेवक लागतात. आपले नगरसेवक निळा रुमाल घालून येतात ते जयंतीला. एकदा या विषयावर येऊ द्या.

संविधानाचे कलम ३९ (ख) समाजाची भौतिक साधने सर्वांच्या हितासाठी वाटली जावीत असे सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने प्रत्येक खासगी मालमत्ता या कलमात बसत नाही असा निर्णय दिला. त्यावर मतभेद असू देत. पण करदात्याच्या पैशाने बांधलेली आणि टाकून दिलेली सार्वजनिक टाकी हे तर समाजाचे साधन आहेच. त्याबद्दल वाद नाही.

पैशाचे म्हणाल तर २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांना ६० टक्के साहाय्य ठेवले गेले. असा पैसा आपल्या लोकांनी उचलावा. एरवी आपल्या नावाने दुसराच कुणी उचलतो आणि आपल्याला अंगठा दिल्याचे दहा वर्षांनी नोटीस आल्यावर कळते.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, ती काही मंडळींना रुचणार नाही. मासळी हा भोई, ढिवर, कोळी समाजाचा पिढीजात व्यवसाय आहे. विदर्भातल्या मालगुजारी तलावांवर ढिवर समाज ठेकेदारांशी आणि अधिकाऱ्यांशी झगडत आलेला आहे. आपण टाकी मिळवू आणि त्यांच्या ताटातला घास ओढू, असे होता कामा नये. संस्था करायची तर दोघांची एकत्र करावी. जाळे कसे टाकायचे हे त्यांना येते, अर्ज कसा टाकायचा हे आपल्याला येते. ज्या गावात भोई आणि बौद्ध एका संस्थेच्या सभेला एका सतरंजीवर बसतील त्या गावाचे राजकारणही बदलेल. पण ते पुढचे पुढे. आधी बैठक तर व्हावी.

आमच्या त्या गावात ती बैठक झाली. भोईवाड्यातली सहा माणसे आली, बचत गटाच्या अकरा जणी, आणि बाबा. संस्थेच्या नियमांचा कच्चा मसुदा मी लिहून नेला होता. पहिले कलम संस्थेचे नाव आणि पत्ता असे होते, कायद्याला धरून. बाबांनी तो कागद दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "हे सगळं खाली घ्या. वर एक ओळ लिहा, की टाकीत, चेंबरात, गाळात संस्थेचा माणूस उतरणार नाही, संस्था दुसऱ्याचा माणूस उतरवणार नाही, आणि जो उतरवील त्याचं सभासदत्व त्याच दिवशी जाईल." सहकाराच्या नमुना उपविधीत असे कलम नाही, निबंधक कदाचित आक्षेप घेतील, असे मी सांगितले. "तर मग त्यांच्याशी भांडायला तुम्ही आहात ना," ते म्हणाले.

ती ओळ मसुद्यात वर घेतली आहे. गाळाचे नमुने तपासणीला पाठवले आहेत, निकाल यायचा आहे. जमिनीचा उतारा अजून मिळालेला नाही. पहिल्या अपिलाची तारीख पुढच्या महिन्यात आहे.